दोन तोंडं, एक पोट

सदतीस वर्षं मी लेकरं तोलली.
वॉर्डातला काटा जुना, जरा जास्तच दाखवायचा,
म्हणून आधी रिकाम्या पारड्याचं वजन लिहायचं
आणि मग बाळाचं.
हिशेब मला तिथे कळला,
बँकेत नंतर.

आज हरमटान सुटलाय. सहाराची धूळ
बंटामाच्या पत्र्यांवर, पपईच्या पानांवर, माझ्या चष्म्यावर.
याच दिवसांत वर्षातून एकदा
मी टेबल पुसते आणि वह्या मांडते.
बस, क्वाबेना. चहा नंतर.

ही वही रोख्यांची.
निवृत्तीचा निम्मा पैसा सरकारला दिला होता.
दर सहा महिन्यांनी व्याज यायचं,
पाळीसारखं, नेमानं.
ज्या वर्षी चुकलं, त्या वर्षी ओळखलं :
आत काहीतरी वाढतंय
आणि ते बाळ नाही.

पहाटेच्या बसने अक्राला गेलो आम्ही म्हातारी माणसं,
प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून मंत्रालयासमोर बसलो.
शेजारी एक निवृत्त न्यायाधीश, गुडघ्याला मलम चोळत म्हणाले,
"मी शहाणा. उरलेलं निम्मं बँकेच्या समभागांत."
मीही तितकीच शहाणी होते.
मग दोघंही गप्प झालो,
कारण बँकेनेही घेतले होते तेच रोखे,
आमच्यापेक्षा पोतंभर जास्त.

वडिलांच्या पेटीत सोनं तोलायची पितळी वजनं आहेत.
त्यात दोन मगरी, एकमेकींवर आडव्या :
शेपट्या दोन, तोंडं दोन, मधे पोट एकच.
घासासाठी भांडतात
आणि गिळलेलं जातं एकाच ठिकाणी.
लहानपणी मी ते वजन चावून पाहिलं होतं.
चव कळली तेव्हाच.
अर्थ कळायला साठी ओलांडावी लागली.

सोन्याची वही नव्हतीच.
चार बांगड्या, आईची साखळी, एका डब्यात, डाळीखाली.
सोन्यावर माझा राग आहे.
त्याच्यापायी ओफिन नदी दुधाच्या चहासारखी झाली,
माझ्या माहेरचे मासे गेले.
पण त्या वर्षी तेच चढलं.
ज्याच्याशी बोलत नाही
त्याच नातेवाइकाने दवाखान्याचं बिल भरावं, तसं.

म्हणून आता वही आहे. वजन गुंजांत लिहिते,
वडील लिहायचे तसं. लाल दाणा, काळा डोळा.
गेल्या हरमटानात एक बांगडी विकली
आणि रोखे घेतले. हो, पुन्हा रोखे,
पण कमी मुदतीचे, आणि सगळे एका दारात नाहीत.
तू ओरडलास, "मावशी, चढणारं विकतेस?
पडलेलं घेतेस?"
चढलं म्हणूनच विकलं, बाळा.
एक पारडं जमिनीला टेकलं
की काटा खरं सांगत नाही.

समभागांची वही तुझ्या हातात आहे.
साबणवाले, फोनवाले,
आणि तो लांबचा फंड, दीड हजार कंपन्यांचा.
त्यांच्या मालकांना कुमासी नकाशात सापडायची नाही.
बरंच आहे.
आपलं पोट दुखलं म्हणून
त्यांचं दुखणार नाही.

पण तू दर तासाला भाव बघतोस.
कळा देणाऱ्या बाईचं पोट दर मिनिटाला चाचपलं
तर मूल लवकर येत नाही,
बाई तेवढी शिव्या घालते.
वर्षातून एकदा. धूळ आली की.
वीस हरमटान मोज.
शेवटचे काही माझ्याशिवाय मोजशील;
हे मी सहज म्हणते, तू खाली बघू नकोस.

गेली लाइट.
उठू नकोस, वह्या सांडतील.
मेणबत्ती उशाशी आहे, कंदील ओट्यावर,
टॉर्च तुझ्या फोनात,
आणि तो फोन, मघाशी पाहिलं मी,
चार टक्क्यांवर.

कंदील आण.
आता चहा.