अर्धी अनामिका

रात्री तीनला एरुंदिना उठायची
आणि हात झटकायची.
ओल्या हाताचं पाणी झटकावं तसा,
पुन्हा पुन्हा,
पण झटकून खाली काही पडायचं नाही.

तिला वाटायचं मी झोपलोय.
मीही तिला तसं वाटू द्यायचो.

चव्वेचाळीस वर्षं मालपिकाच्या धक्क्यावर
तिने आमची जाळी सांधली.
बुडाखाली लाकडी खोका, पायाच्या अंगठ्यात ताणलेला दोर,
उजव्या हातात सुई.
खडकाने, डॉल्फिनने, कधी नुसत्या आमच्या हावेने फाटलेलं जाळं
गाठीगाठीने पुन्हा समुद्राच्या लायकीचं केलं.
किती गाठी? तिने मोजल्या नाहीत.
मनगटाने मोजल्या असाव्यात.

मुंग्या आधी अंगठ्यात आल्या,
मग तर्जनीत, मग मधल्या बोटात,
मग अनामिकेच्या अर्ध्या भागात.
अर्ध्याच.
अंगठीची एक बाजू तिला कळे, दुसरी नाही.
"म्हणजे अर्धं लग्न शिल्लक आहे," ती म्हणाली.
करंगळीला तर बातमीच नव्हती,
परगावच्या नातलगासारखी
मजेत होती.

दोसिंदाने कोबीचं पान बांधायला सांगितलं,
त्याखाली डुकराची चरबी.
तीन रात्री आमच्या उशीला रश्शाचा वास.
टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी आणलं,
त्याने पापं धुतली असतील, मुंग्या नाही.
दवाखान्यातून मनगट सरळ ठेवणारा पट्टा मिळाला.
त्याने महिनाभर झोप दिली,
हेही सांगायला हवं.
मग एका सकाळी कॉफीचा कप तिच्या हातून सुटला,
असा, जणू तिने तो कधी धरलाच नव्हता.
ती तुकड्यांकडे बघत उभी राहिली.
मी केरसुणी आणली.
त्याबद्दल आम्ही बोललो नाही.

कोरुन्यात डॉक्टर बालिन्यास, वयाने आमच्या नातीएवढी,
कागदावर चित्र काढून म्हणाली:
हा बोगदा. ही नस. हे छत.
छत नसेवर बसलंय.
मी छत कापते, बस.
"आणि मग पाऊस आला तर?" एरुंदिनाने विचारलं.
पोर आधी गोंधळली, मग इतकी हसली
की पेन खाली ठेवावं लागलं.

हात बधिर करायची सुई टोचली तेव्हा
एरुंदिना म्हणाली, "अर्धं काम मी करूनच आलेय."
वीस मिनिटं.
टाके घालताना ती मान उंचावून
पडद्यापलीकडे बघत होती म्हणे.
परतीच्या बसमध्ये, बराच वेळ गप्प राहून:
"पोरगी हुशार आहे.
पण शेवटची गाठ ढिली.
माझ्या हाताखाली असती तर उसवून पुन्हा घालायला लावली असती."

लगेच सगळं परतलं नाही.
तळहाताच्या बुडाशी ठणका राहिला,
बरणी उघडायला मला हाका राहिल्या.
जाळी तिने सोडली. सुई नाही सोडली,
ती खिडकीत आहे.
एका रविवारी चर्चबाहेर,
कोटाच्या खिशात हात घालून, न बघता:
"हे दहा सेंट. हे वीस. ही किल्ली.
आणि हे... अरे,
हे तुझं बटण, मार्चपासून शोधतोयस ते."

मी समुद्रावर असताना, वादळी रात्री,
ती खिडकीशी उभी राहून
परतणाऱ्या बोटी मोजायची.
मला तिने कधी सांगितलं नाही,
दोसिंदाकडून कळलं, तेही फार उशिरा.

आता तीन वाजता मला जाग येते. सवय.
शेजारी तिचा हात, तळवा वर, व्रण फिकट.
अंधारात मी बोटं मोजतो.
अंगठा. तर्जनी. मधलं.
अनामिका... पूर्ण धरू?
करंगळी, ती होतीच.

तेवढ्यात ती झोपेतच कूस बदलते
आणि पांघरूण ओढून घेते,
सगळंच,
उजव्या हाताने.
मला थंडी वाजते.
मी एकदा ओढून बघतो.
सुटत नाही.