इतरांची खेळी चालू आहे

दोनशे अठराव्या खेळीला यंत्र अडलं.
बंद नाही पडलं. तहसीलमधला कारकून
रजिस्टरात बोट ठेवून खिडकीबाहेर बघत बसतो,
तसं.
पडद्यावर एकच ओळ:
इतरांची खेळी चालू आहे.
मी भाजलेल्या शेंगा फोडायला घेतल्या.
माझी पाळी आली तेव्हा
बावीस शेंगांची टरफलं कीबोर्डाशेजारी पडली होती.

आधी सावल्या काढल्या:
झाडांच्या, घोड्यांच्या, बुरुजांच्या.
माझं राज्य दुपारी दोनच्या सेलूसारखं
लख्ख उघडं पडलं.
मग नदीच्या लाटा बंद, डोंगरावरचं धुकं बंद,
शिपायांच्या तोंडावरचे बारकावे बंद,
सगळे एकाच मायची लेकरं दिसायला लागले.
बावीसच्या एकोणीस झाल्या.

इलियासभाई म्हणाले, ताई,
चार पायल्यांच्या डब्यात
खंडीभर ज्वारी कोंबताय तुम्ही.
त्यांनी रॅमची दुसरी पट्टी बसवली,
पैसे पगारानंतर द्या म्हणाले.
सोळा शेंगा.

रविवारी पेटीचं झाकण काढलं तर
पंख्याच्या पात्यांत कापूस.
सरकी काढलेला, पांढराशुभ्र,
या हंगामाचा आणि मागच्या चार हंगामांचा.
जिनिंगच्या मागच्या गल्लीत राहिलं की
कापूस कुठंही शिरतो, डाळीत, अंथरुणात, कानात,
वातींना म्हणून विकत आणावा लागत नाही.
दिवसभर मी वजनकाट्यावर बसते,
भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन,
पण हा कापूस माझ्या कुठल्याच पावतीवर नव्हता.
चिमटीत धरला तर फार तर दोन वाती.
तेवढ्यानं प्रोसेसर ब्याण्णव अंशांवर.

तापलं की ते आपणहून हळू होतं,
इलियासभाई सांगत होते, जळू नये म्हणून.
यात त्याला काय बोलायचं?
मे महिन्यात सगळा परभणी जिल्हा तेच करतो.
तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी पेस्ट लावली,
पंखा सायकलपंपानं झाडला.
चौसष्ट अंश.
नऊ शेंगा.

नऊच्या खाली मात्र उतरेना.

मग मी राज्यांची यादी उघडली.
दक्षिणेकडचं निळं राज्य मुंजाचं.
खेळ आम्ही दोघांनी मांडलेला, एका खुर्चीवर,
त्यानं उठायचं, मी बसायचं.
दिवाळीनंतर तो चाकणला गेला, प्रेस शॉपात,
आणि त्याची गादी मी संगणकाच्या हाती दिली.
तेवढ्यापुरती, असं तेव्हा म्हणाले होते.

आता तिथं तीनशे चाळीस पथकं उभी आहेत.
संगणक दर खेळीला एकेकाला विचारतो,
जायचं की थांबायचं?
आणि एकेक जण विचार करून
थांबतो.
एक टेहळ्या तर मुंजानं बाराव्या खेळीला धाडलेला,
नकाशा कधीच उघडून झाला,
तो अजून किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरतोय,
बघितलेलंच बघत.

उपाय एका बटणाचा होता. राज्य बरखास्त.
बोट ठेवलं, उचललं, फोन लावला.

मुंजा, तुझं राज्य काढून टाकू का?
यंत्र लय हळू चालायलंय.

कामून? पोळ्याला येतोय की मी.
तसं तो पाडव्यालाही येणार होता.
मी काही बोलले नाही.
किती वेळ लागायलाय? त्यानं विचारलं.
नऊ शेंगा.
मग खा की, मुंजा म्हणाला.

त्याच्या मागं प्रेसचा दणका ऐकू आला.
मग दुसरा. मग तिसरा.
फोन ठेवला नव्हता त्यानं, बोलतही नव्हता.
मी मोजत राहिले,
एका शेंगेत दोन दणके,
कुठंच अडत नव्हती ती.