जमिनीचा प्रकार

पिशवीला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली असते.
नाव, गाव, गट नंबर, मागचं पीक
आणि तळाला एक रकाना : जमिनीचा प्रकार.
छापलेले शब्द तीनच. हलकी, मध्यम, भारी.
एकावर खूण करायची असते.
लोक खूण करत नाहीत. लोक लिहितात.

चंदगडचा रवळू गावडे लिहितो, तांबडी, वरकस,
नाचणा सोसते, भात सोसत नाही.
कागलचा गणी मुल्लाणी, माळाची,
मुरूम वर आलाय,
एका पावसाची शेंग तेवढी काढून देते.
पंचगंगेकाठच्या कुणीतरी
स्वतःचं नावही न घालता
नुसतं 'मळी' लिहिलं,
दारात उभं राहून आडनाव सांगावं
आणि पुढचं घरच्यांनी ओळखावं, तसं.

मी माती चाळते.
दोन मिलिमीटरची चाळणी, वर राहतात मुळं, खडे,
एकदा हिरव्या बांगडीचा तुकडा.
बांगडीला सामू नसतो. तो खिडकीत ठेवलाय,
जिथून दुपारी मार्केट यार्डातला गुळाचा वास येतो.

शिरोळच्या सुशीला नेमगोंडा मगदूम यांची पिशवी
ओली आली.
सावलीत वाळवून पाठवा असं छापलंय, तरी ओली.
रकान्यात आधी 'भारी', खोडलेलं.
मग 'चोपण', तेही खोडलेलं.
मग शाई बदललीय, बहुधा दिवसही,
आणि तिरक्या अक्षरात :
बोलत नाही.

सायबांना दाखवलं. म्हणाले, चोपण टाक.
सामू आठ पूर्णांक नऊ. चोपण होतीच.
टाकलं.
जिप्सम, निचऱ्याचे चर, ताग गाडणे,
सल्ला आपोआप छापून येतो.
दुसऱ्या शब्दासाठी काही छापून आलं नाही.

आमच्याकडं भुदरगडात
मामांनी आईला अकरा गुंठे दिले
ते सातबारावर पोटखराब.
लहानपणी मला वाटायचं
जमिनीनं कायतरी वंगाळ खाल्लंय,
ओवा द्यायला पाहिजे.
पुढं कळलं, शेताच्या पोटातलं
पण शेतात न धरलेलं ते पोटखराब :
ओघळ, दगडांचा ढीग, गुरांची वाट.
जिच्याकडं सरकार साराही मागत नाही.
मामा म्हणतात, आक्काचा खराबा.
आई म्हणते, माझं रान.
दगड वेचून तिनं ताल रचली.
दोन वर्षं भोपळे, तिसऱ्या वर्षी घेवडा.
तलाठ्याला ओटीभर शेंगा नेऊन दिल्या.
त्यानं शेंगा घेतल्या, नोंद घेतली नाही.

गेल्या ऐतवारी खुरपं घेऊन मी गेले.
सात ठिकाणी खड्डे, नऊ इंच खोल,
घमेल्यात माती कालवली, चार भाग केले,
समोरासमोरचे दोन टाकले,
पुन्हा चार, पुन्हा दोन,
असं करत अर्धा किलो उरली.
आई तालीवर बसून बघत होती.
म्हणाली, उरल्याली कुठं टाकलीस?
हितंच की.
हितंच न्हवं. ज्या खड्ड्यातली त्या खड्ड्यात जाऊ दे.
कालवल्यावर कसं कळायचं, म्हटलं.
ती उठली. मूठ उचलायची, बोटांत चुरायची,
एका खड्ड्याकडं जायची.
दुसरी मूठ, दुसरा खड्डा.
एकदा तर वाटेत थांबली आणि माघारी फिरली.
बरोबर की चूक, कोण तपासणार?

मी चिठ्ठी गुडघ्यावर घेतली.
नाव घातलं. मागचं पीक, घेवडा.
आणि प्रकार गं आई? काय लिहू?

तिनं माती दाबून बघितली, सोडून बघितली,
हात लुगड्याला पुसले.
'घात आलीया,' म्हणाली.
'टोकायचं बी कुठं ठेवलंस?'