शेऱ्याचा रकाना

मस्टरात सहीला जागा बोटभर,
शेऱ्याला त्याहून कमी.
तेवढ्यात मावली कुबल बाईंची नोकरी:
'उशिरा उपस्थित.' सतरा वेळा.
लाल शाई माझ्याच पेनातली.
साहेब म्हणाले, तुम्ही मुख्याध्यापक,
तुमच्या अक्षरात बरं दिसेल.

उशीर कसला, तर षष्ठी-सप्तमीला
दहाच्या सुमाराला खाडी सुकते,
बस्त्यावची होडी चिखलात पोट टेकून बसते,
आणि बाई चपला हातात घेऊन,
साडी पोटरीवर खोचून
चालत येतात पलीकडून.
बोअरिंगवर पाय धुऊन वर्गात शिरेपर्यंत
दहा पस्तीस.
बस्त्याव चौकशीत म्हणालाही,
"सुकतेक खंय घड्याळ आसता, सायबा?"
ते कुणी लिहून घेतलं नाही.

खरं कारण तांदूळ.
कागदावर पाच गोणी, उतरल्या तीन.
बाईंनी पावतीवर तीनच लिहिल्या,
अंकी आणि अक्षरी,
खाली सही, तारीख.

त्यानंतर केंद्राच्या बैठकीत त्यांना खुर्ची नसे.
दाराशी उभं ठेवून कुणीसं म्हणालं,
"शिक्षणसेवक ना तुम्ही? मग करा सेवा."
सगळे हसले.
मीही. चहा थोडा बशीत सांडला, एवढंच.

सेवा संपल्याचा कागद आला तेव्हा
तीन वर्षं पुरी व्हायला एकोणीस दिवस होते.
बाईंनी तो दोनदा वाचला,
'नियमीत'ची दीर्घ वेलांटी
सवयीने पेन्सिलीने दुरुस्त केली
आणि मग पोच दिली.

चौथीतली सानवी मोंडकर रोज विचारते,
"गुरुजी, बाई कधी येतली?"
मी म्हणतो, भरती झाली की.
ती खिडकीतून खाडीकडे बघते.
"भरती तर इली."

काल कपाटात, खडूंच्या खोक्याखाली
त्यांची वही सापडली.
तिथी, सुकतीची वेळ, पोचल्याची वेळ,
आणि शेवटच्या रकान्यात
शाळा सुटल्यावर किती मिनिटं थांबल्या ते.
कुणाविरुद्ध एक अक्षर नाही.
माझ्याही नाही. तेच वाचवत नव्हतं.

आज जिल्ह्याला सुनावणी.
मला बोलावलेलं नाही.
मुलांना सुट्टी सांगितली, कुलूप लावलं,
वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून पिशवीत.
आता माझ्या नावापुढे काय लिहायचं
ते दुसरं कुणी ठरवील.

बस्त्याव होडीच्या काठावर विडी ओढत बसलाय,
कुठे निघालात विचारत नाही.
सप्तमी आहे.
चपला काढायला वाकलो तर गुडघे कुरकुरले.
चोवीस वर्षं याच काठावर नोकरी केली,
या चिखलात
एकदाही उतरलो नव्हतो मी.