पंखा बंद करून

वजन करताना पंखा बंद करावा लागतो.
कूलरही. बाहेर सेहेचाळीस अंश,
अमरावती रोडवर कुत्रंसुद्धा नाही
आणि मी तराजूसमोर श्वास धरून,
कारण नुसत्या उच्छ्वासानं काटा
या कुपीतल्या मालाहून जास्त हलतो.

अडतीस मायक्रोग्रॅम.
गोरेवाड्याकडच्या वारुळातून सुखदेव उईकेंनी
दोन हिवाळे खरवडून आणलेली बुरशी,
बादलीभर मिथेनॉल, कॉलमवर कॉलम,
आणि उरलं ते हे,
काचेच्या तळाशी, नसल्यासारखं.
"कुठं आहे मॅडम? दिसून नाही राहिलं."
दिसत नाही, उईके. ऐकायचं असतं.

घड्याळ काढलं, केसांतल्या पिना काढल्या.
उदबत्तीच्या काडीएवढी नळी,
तिच्यात थेंबाहून कमी द्रावण,
आणि ती हळूच उतरली चुंबकाच्या पोटात,
जिथे ऐकणारी कॉइल उणे अडीचशेला गोठवलेली,
तिची स्वतःची कुजबुज थांबावी म्हणून.

पहिल्या सोळा फेऱ्या: नुसतं गवत.
आणि मधोमध एक डोंगर.
"हे मोठं काय?"
पाणी. हवेतलं, हातमोज्यांवरचं, कुठूनही शिरतं.
"बाप्पा! मे महिन्यात साऱ्या नागपुरात
पाणी लागलं ते इथंच."

दुप्पट स्पष्ट ऐकायचं तर चौपट वेळ बसायचं.
यात घासाघीस चालत नाही.
उईके डबा ठेवून घरी गेले.

साडेबाराला लाइट गेली. यूपीएस किंचाळला,
कंप्रेसरनं एक ठोका चुकवला.
चुंबकाला पत्ताही नाही:
अकरा वर्षांपूर्वी फिरवून दिलेला प्रवाह
त्याच्या आत अजून फिरतोच आहे.

एक शिखर झाकणाच्या प्लास्टिकचं निघालं.
दुसरं माझ्या हाताच्या क्रीमचं.
(दोन तास मी त्याला नावं सुचवत होते.)

तीन चाळीसला, पाच पूर्णांक एकतीसच्या ओळीत
एक ठिपका.
तीन बंध पलीकडच्या कार्बनला
ओळखणारा एक हायड्रोजन.
मी स्क्रीन पुसली.
धूळ नव्हती.

सकाळी नळी वर आली. नायट्रोजनखाली वाळवलं.
ऐकून झालं तरी अडतीसचे अडतीस,
छत्तीस म्हणू, दोन काचेला चिकटले असतील.
कुपीवर उईकेंचं आडनाव लिहिलं,
पेन्सिलीनं, शाई विरघळते म्हणून,
बूच घट्ट लावलं
आणि मग पंखा.