शेरा

वैशाख सरत आला की वाळिबा बेंडकुळे
गंगेकाठच्या त्या लहानशा दगडी देवळावर चढतो,
कमरेला सुंभ, दाढेत लवंग,
खिशात वाकवलेला जुना चमचा.

पन्हळीतून काय काय निघतं:
झेंडूचा लगदा, पारव्यांची पिसं,
मांजा, एकदा तर कुणाची कवळी.
सगळं खरवडून तो तांब्याभर पाणी सोडतो
आणि ओरडतो, "साहेब, पडलं का?"
मी खाली गोमुखाशी, ओंजळ धरून.
"पडलं."

शिखराच्या सांध्यात पिंपळ. दोनच पानं, तांबूस, नखाएवढी.
वाळिबा आधी हात जोडतो, काहीतरी पुटपुटतो,
मग हलक्या हातानं ओढतो, मुळासकट.
मूळ तुटून आत राहिलं तर पुढल्या वर्षी सव्याज येतं.
भोकात चुना, इरफान मिस्त्रीनं महिनाभर भिजवलेला,
गूळ नि बेलफळ घातलेला.
एक शेठ सिमेंटची पोती घेऊन आले होते, भक्तिभावानं.
इरफान म्हणाला, "दगडाला श्वास घेऊ द्या, शेठ."
शेठ रुसले. त्यांना नावाची पाटी लावायची होती.

उत्तरेच्या भिंतीतल्या तड्यावर
मी काचेची पट्टी बसवलीय, तारीख घालून.
भिंत हलली तर काच फुटेल.
गेल्या पुरात सगळं नाशिक पुलावर उभं राहून
पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं ते बघत होतं;
मला ती बोटभर काच दिसत होती, गढूळ अंधारात.
पाणी उतरलं. गाळ ओला होता तोवरच धुतला,
वाळला की तो दगडाची साल घेऊन जातो.
मग बॅटरी धरली.
शाबूत.

नोंदवहीत शेवटचा रकाना, शेरा.
बावीस पानं, एकच शब्दजोडी: काही नाही.
वरून पत्र आलं:
"सदर ठिकाणी काहीच घडत नसल्याने
पुढील वर्षी तरतूद का ठेवावी, याचा खुलासा करावा."

तीनदा लिहिला. तीनदा फाडला.

वाळिबाच्या दारात, रंगाच्या रिकाम्या डब्यांत
देवळावरून उतरवलेले पिंपळ उभे आहेत.
एक माझ्याहून उंच.
"हा कधीचा?"
"तुमच्या आधीचे साहेब होते ना, त्यांच्या पहिल्या उन्हाळ्यातला."
खोडाला हात लावून पाहिला. मनगटाएवढं.
डबा एका बाजूनं उभा फाटलेला,
फटीतून मुळं बाहेर.

खुलासा आज पाठवला. एकच ओळ.
सोबत जोडले आहे: पिंपळ एक, डब्यासह.