स्थिर

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
सात नंबरच्या कोस्सुत्ताआजोबांची रेघ सपाट झाली
आणि निवेसच्या मनात पहिलं आलं ते हे, की
बेड मोकळा झाला.

दुसरंही काही यायला हवं होतं.
ती जरा थांबली, वाट पाहिली.
आलं नाही.

मग तिने नळ्या काढल्या, तोंड पुसलं,
मिशीवरून कंगवा फिरवला
(गोदीत क्रेन चालवायचे म्हणे, मिशीसाठी बंदरभर ओळखले जायचे)
आणि मनगटी घड्याळ पिशवीत घालून वर नाव लिहिलं.
घड्याळ चालू होतं.
कपाटात ठेवलं तरी चालूच.

अकरा वर्षांपूर्वी, पहिल्या मरणाच्या रात्री,
ती धुतलेल्या चादरींत तोंड खुपसून रडली होती.
काळजाचं पाणी होतं म्हणतात.
आता त्याचं सलाईन झालंय,
पंपावर लावलेलं, तासाला इतके मिली,
संपत आलं की बीप.

बीप घरीही आहेच.
फ्रिजचं दार उघडं राहिलं
की तिचा हात आपसूक वर जातो,
हवेतलं एक बटण दाबतो.
रात्री शेजारी दारिओ झोपलेला असतो,
ती त्याचे श्वास मोजते. मिनिटाला चौदा.
चौदा ठीक आहे.
कूस बदलते.
दोघं शेवटचं धड कधी बोलले, हे कुठल्याच चार्टवर नाही.

सातला ड्यूटी संपते. म्हणजे आठला.
लोरेदाना विचारते, रविवारी येशील? दोघी कमी आहेत गं.
निवेसचं तोंड हो म्हणतं.
निवेस ते ऐकते.

बाहेर बोरा सुटलाय.
त्रिएस्तेत हा वारा आला की माणसं तिरकी चालतात,
कचऱ्याचे डबे रस्ता ओलांडतात,
म्हाताऱ्या बायका दिव्याच्या खांबाला मिठी मारतात
आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही.
कोपऱ्यावर तिचाही पाय सुटला.
बेकरीतला एक पोरगा धावत आला, दंड धरला,
ओरडून म्हणाला, ठीक आहात ना?

"स्थिर," ती म्हणाली.
नातेवाइकांना फोनवर सांगते तोच शब्द,
ज्याचा अर्थ बरं आहे असा कधीच नसतो.

वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नसावं.
त्याने दंड सोडला नाही.
तिनेही सोडवून घ्यायची घाई केली नाही.

घरी आली तर बाहीवर पाच बोटं, पिठाची.
कोट न झटकता खुंटीला लावला.
दूध काढलं. फ्रिजचं दार उघडंच राहिलं.
बीप.
बीप.
वाजू दिलं.